सार्वजनिक सेवांमधली भागीदारी: पुणेकर पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत, तळजाईच्या चढावर धापा टाकताना आणि रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपवर, गेली काही वर्षं माझ्याकडे हेच प्रश्न येतात. कचरा, बस, पाणी, टोल, दवाखाना, विषय कोणताही असो, मुद्दा एकच असतो: सरकारचं काम दुसरं कुणीतरी करतंय, मग आता जाब कुणाला विचारायचा? मी वकील नाही आणि नोकरशहाही नाही. करारनामे वाचायची खोड आहे, एवढंच. तेच ते उत्तर टाळायला जिथं गरज आहे तिथं दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. भागीदारी म्हणजे खासगीकरणालाच दिलेलं गोड नाव ना?

काही वेळा हो, दरवेळी नाही. खासगीकरणात मालमत्ताही जाते आणि सेवा चालवण्याचा हक्कही जातो. भागीदारीत मालकी आणि अंतिम जबाबदारी सरकारी संस्थेकडे राहते. पैसा, मनुष्यबळ किंवा कौशल्य यांपैकी काहीतरी दुसरा आणतो. तो दुसरा म्हणजे कंपनीच हवी असं नाही. कष्टकऱ्यांची सहकारी संस्था असू शकते, ट्रस्ट असू शकतो, दुसऱ्या शहराचं पाणी खातं असू शकतं.

रेघ कुठं मारलेली असते ते बघायचं असेल तर मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात जा. ‘ए’ काउंटरवर तुमचा फोटो काढणारी, बोटांचे ठसे घेणारी, कागद स्कॅन करणारी माणसं टीसीएसची असतात. ‘बी’ आणि ‘सी’ काउंटरवर पासपोर्ट खात्याचे सरकारी अधिकारी बसतात. रांग, टोकन, संगणक, एसी सगळं कंपनी सांभाळते. पासपोर्ट द्यायचा की नाही हे मात्र सरकारी माणूसच ठरवतो. सेवा बाहेर दिली, सही घरात ठेवली. प्रत्येक भागीदारीत ही सही कुणाकडे आहे ते आधी शोधा. निम्मे प्रश्न तिथंच सुटतात.

२. महापालिकेकडे कर्मचारी आहेत, कर आहे. मग हे सगळं लागतंच कशाला?

कारण शहर वाढतं त्या वेगाने खातं वाढत नाही. पुण्याच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३. गाव आलं की दुसऱ्या दिवसापासून तिथल्या माणसाला नळ, दिवा, घंटागाडी हवी असते, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. भरती, निविदा, जलवाहिनी यांना वर्षं लागतात. विकसनशील देशांतल्या बहुतेक शहरांची हीच गत आहे: लोक आधी येतात, सेवा मागून येते, आणि मधली पोकळी टँकरवाला, भंगारवाला, वडापवाला भरून काढतो. चांगली भागीदारी या आधीपासून काम करणाऱ्या माणसाला हिशेबात धरते. वाईट भागीदारी त्याला हाकलून त्याच्या जागी यंत्र आणते आणि उद्घाटनाची फीत कापते.

३. पुण्यात अशा भागीदाऱ्या नेमक्या कुठं आहेत?

दिवसभरात चार-पाच वेळा तरी गाठ पडते. सकाळी दारात कचरा घ्यायला येणारी ताई (प्रश्न ५). पीएमपीच्या, म्हणजे शहर बससेवेच्या, ताफ्यातल्या ठेकेदारांच्या बसगाड्या (प्रश्न ४). माण-हिंजवडी ते शिवाजीनगर ही तिसरी मेट्रो मार्गिका, जी पीएमआरडीएने (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) ३५ वर्षांच्या सवलत करारावर, म्हणजे बांधून ठरावीक वर्षं चालवायच्या हक्कावर, खासगी भागीदाराकडून बांधून घेतली. पहिल्या दोन मार्गिका महामेट्रोच्या, म्हणजे केंद्र आणि राज्य यांच्या संयुक्त कंपनीच्या. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका, जी २०१४ पासून राज्याचा आरोग्य विभाग आणि एक खासगी कंपनी मिळून चालवतात आणि जिचा नियंत्रण कक्ष आपल्या औंधमध्ये आहे. महापालिकेच्या इमारतीत भरणाऱ्या पण स्वयंसेवी संस्थेने चालवलेल्या काही शाळा. आणि मुंबईला निघालात तर एक्स्प्रेस-वे (प्रश्न ९).

४. साधं कंत्राट आणि भागीदारी यांत फरक कसा ओळखायचा?

तोटा झाला तर कुणाच्या खिशातून जाणार, हे विचारा.

बसचं उदाहरण घेऊ. पीएमपीकडच्या ठेकेदारांच्या बसना दर किलोमीटरमागे पैसे मिळतात. बस ठेकेदाराची, चालक ठेकेदाराचा, वाहक मात्र पीएमपीचा. तिकिटाचे पैसे पीएमपीच्या पिशवीत. म्हणजे बस रिकामी धावली काय आणि लोंबकळत्या गर्दीने धावली काय, ठेकेदाराला फरक पडत नाही. प्रवासी कमी झाल्याचा फटका पीएमपीला, आणि तिची तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिका साठ-चाळीसच्या प्रमाणात भरतात, म्हणजे शेवटी तुम्ही आणि मी. किलोमीटरवर पैसे मिळणाऱ्याला थांब्यावर थांबण्यात मुळात रस नसतो. तो दंडाच्या कलमाने आणावा लागतो. म्हणून चालकाने बस पुढं दामटली की वाहकाशी भांडण्यात अर्थ नाही, त्याच्या हातात ब्रेक नाही. बसचा क्रमांक, मार्ग, वेळ लिहून पीएमपीकडे तक्रार करा, म्हणजे ती ठेकेदाराच्या बिलात उतरायची शक्यता तरी असते.

याउलट जिथं भागीदार स्वतः पैसा घालतो, बांधतो, वर्षानुवर्षं चालवतो आणि प्रवासी आले नाहीत तर स्वतः झळ सोसतो, तिथं खरी जोखीम वाटली गेली. हिंजवडी मेट्रो या जातीची. मधले प्रकार अनेक आहेत आणि त्यांची इंग्रजी आद्याक्षरं पाठ करण्यात काही हशील नाही.

५. आम्ही मिळकतकर भरतो. मग कचरा घेणाऱ्या ताईंना दरमहा वेगळे पैसे का? हे दोनदा घेणं झालं.

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न, म्हणून उत्तर लांब.

आधी थोडं मागे जाऊ. १९९० पर्यंत पुण्यात कचरावेचक बाया कुंड्यांमध्ये हात घालून कागद, काच, पत्रा काढायच्या. पोलीस चोर समजायचे, कुत्री मागे लागायची. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने आणि एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या साथीने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. त्यांचं म्हणणं साधं होतं: आम्ही कचरा उचलतो, त्याने महापालिकेचा वाहतुकीचा खर्च वाचतो, तर आम्हाला कामगार म्हणा. १९९५-९६ मध्ये महापालिकेने त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. २००२-०३ पासून महापालिका त्यांच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरू लागली. २००७ मध्ये याच बायकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था नोंदली गेली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी पाच वर्षांचा करार झाला. आज साडेतीन हजारांवर सभासद आहेत, बहुतेक स्त्रिया आणि बहुतेक दलित समाजांतल्या.

आता पैशाचं. तुमच्या करातून महापालिका कचऱ्याची पुढची वाहतूक, प्रक्रिया प्रकल्प, झाडलोट यांवर खर्च करते. तुमच्या दारातून कचरा उचलणं, जिने चढणं-उतरणं, तो निवडणं याचा पगार महापालिका देत नाही. तो तुमच्या मासिक शुल्कातून आणि सुका कचरा विकून येतो. महापालिका ढकलगाड्या, हातमोजे, गणवेश आणि संस्थेचा व्यवस्थापन खर्च देते, आणि वस्त्यांमध्ये शुल्क कमी ठेवून फरक स्वतः भरते. हेच काम पगारी कर्मचाऱ्यांकडून करून घ्यायचं ठरवलं तर तोच पैसा करातून जाईल. फक्त तेव्हा तो दिसणार नाही, म्हणून टोचणारही नाही.

कायद्याचं विचाराल, तर २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीच असं शुल्क भरणं कचरा करणाऱ्याचं कर्तव्य ठरवलं. “मी देणार नाही, करा काय करायचं ते” असं म्हणणारे एक आजोबा आमच्याच इमारतीत आहेत. त्यांच्या घरचाही कचरा ताई उचलतात. आजोबांना वाटतं आपण जिंकलो.

६. सुका कचरा आमचा. तो आम्ही थेट भंगारवाल्याला विकला तर काय बिघडलं?

रद्दी विकायला कुणी बंदी घातलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्या पुण्यात रद्दी विकली जाते आणि तिच्या पैशावरून नवरा-बायकोत वादही होतात. पण एक गणित लक्षात घ्या.

आमच्या इमारतीत काही वर्षांपूर्वी समितीने ठरवलं की पुठ्ठा, बाटल्या, जाड प्लास्टिक तळमजल्यावर साठवून विकायचं आणि आलेल्या पैशातून गणपती करायचा. मी त्या ठरावावर सही केली होती. महिना-दीड महिन्याने ताईंची वेळ सातवरून साडेनऊवर गेली. मी तक्रार केली तेव्हा त्या ढकलगाडीच्या दांड्यावर हात टेकून म्हणाल्या, “काका, ओलं आमचं आन् सुकं तुमचं. मग आधी जिथं सुकं मिळतं तिथं जायला नको का?” गाडीत बघितलं तर भाजीचे देठ, चहाचा चोथा, डायपर आणि दुधाच्या पिशव्या. पिशव्या त्या तिथंच निवडून वेगळ्या करत होत्या, कारण आमच्या गाडीत विकण्यासारखं तेवढंच उरलं होतं. पुढच्या सभेत ठराव मागे घेतला. गणपतीची वर्गणी वाढली, ताई परत साताला येतात.

त्यांच्या मिळकतीचे दोन पाय आहेत, शुल्क आणि भंगार. एक पाय काढून घेतलात तर दुसरा जाड करावा लागेल.

७. सॅनिटरी पॅड, डायपर, औषधं, बल्ब हे ओल्यात की सुक्यात?

कशातच नाही. पॅड आणि डायपर कागदात नीट गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून वेगळे द्या. ‘स्वच्छ’ने पुण्यात ही लाल ठिपक्याची सवय लावायचा प्रयत्न बरीच वर्षं केला आहे. कारण किळसवाणं आहे पण सांगितलंच पाहिजे: ठिपका नसेल तर आत काय आहे ते कळण्यासाठी कुणीतरी पुडकं हाताने उघडतं. बल्ब, रंग, बॅटरी, जुनी औषधं घरगुती घातक कचऱ्यात मोडतात. ती साठवून वेगळी द्या.

८. आमची सोसायटी मोठी आहे. महापालिका म्हणते ओला कचरा तुम्हीच जिरवा. हे कायदेशीर आहे का?

हो. २०१६ च्या नियमांत दिवसाला सरासरी १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा उत्पादक म्हटलं होतं, आणि ५,००० चौरस मीटरहून मोठ्या गृहसंकुलांनी ओल्या कचऱ्यावर शक्यतो आवारातच प्रक्रिया करावी असं सांगितलं होतं. इथं भागीदार तुम्ही आहात, आवडो न आवडो. खड्डा बांधून बिल्डर गेला आणि मशिन गंजत पडलं, ही कथा निम्म्या संकुलांची आहे. एजन्सी नेमताना खत किती निघतं ते विचारू नका, वास आला तर किती तासांत माणूस येईल ते लिहून घ्या. अनुभवाने सांगतो. आमच्या ओळखीच्या एका संकुलाने वर्षभराचे पैसे आगाऊ दिले आणि चौथ्या महिन्यापासून एजन्सीचा फोन लागेना.

९. रस्त्याचा खर्च कधीच वसूल झाला, तरी एक्स्प्रेस-वेचा टोल सुरूच कसा?

कारण टोल ही रस्त्याची किंमत उरलेली नाही, तो राज्याचा पैसे उभे करायचा मार्ग झाला आहे. एक्स्प्रेस-वे २००२ मध्ये पूर्ण खुला झाला. २००४ मध्ये रस्ते विकास महामंडळाने टोलवसुलीचा पंधरा वर्षांचा हक्क एका कंपनीला दिला आणि त्या बदल्यात ९१८ कोटी रुपये एकरकमी घेतले. म्हणजे पुढच्या पंधरा वर्षांचा आंबा आजच झाडावर विकला. महामंडळाला तेव्हा कर्ज फेडायला रोख हवी होती, ती मिळाली. वाहनं अपेक्षेपेक्षा जास्त आली तर फायदा कंपनीचा, कमी आली तर तोटाही तिचाच. ती मुदत २०१९ मध्ये संपल्यावर हक्क पुन्हा नव्याने विकला गेला.

यात बेकायदा काही नाही. पण एकरकमी घेतलेल्या पैशाचा मोह हा आहे की तो आजचं सरकार खर्च करतं आणि टोल उद्याचा प्रवासी भरतो. टोलची मुदत वाढली अशी बातमी आली की मुदत का वाढली एवढंच विचारू नका. बदल्यात किती मिळाले आणि ते कुठं गेले, हेही विचारा.

१०. अशा प्रकल्पांना पैसा कुठून येतो? महापालिकेने शहर गहाण टाकलंय का?

गहाण वगैरे काही नाही, पण कर्ज आहे, आणि कर्जाच्या जाती वेगवेगळ्या असतात.

जून २०१७ मध्ये पुणे महापालिकेने चोवीस तास पाणी योजनेसाठी २०० कोटींचे कर्जरोखे काढले, ७.५९ टक्के व्याजाने. ते मुंबई शेअर बाजारात नोंदले गेले. फायदा फक्त पैशाचा नव्हता. रोखे काढायचे तर पतमानांकन, म्हणजे कर्ज फेडायची ऐपत तपासून दिलेला दर्जा, लागतं, आणि पतमानांकन करणारे महापालिकेच्या जमाखर्चाच्या वह्या उघडून बसतात. नगरसेवकाला जी वही मागूनही मिळत नाही, ती त्यांना मिळते.

मुळा-मुठा शुद्धीकरणाचा प्रकल्प वेगळ्या जातीचा. त्यासाठी जानेवारी २०१६ मध्ये जपानच्या जायका या संस्थेशी कर्जकरार झाला. प्रकल्प सुमारे ९९० कोटींचा, त्यात ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं, एकूण क्षमता दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर. कर्ज केंद्र सरकारने घेतलं, ०.३ टक्के व्याजाने, चाळीस वर्षांत फेडायचं. केंद्र महापालिकेला ८५ टक्के रक्कम अनुदान म्हणून देतं, १५ टक्के महापालिकेची. आकडे ऐकून हे फुकट वाटतं. पण परक्या संस्थेच्या कर्जात प्रत्येक टप्प्याला संमती लागते, निविदा अंदाजापेक्षा चढ्या आल्या की फेरनिविदा होतात, आणि या प्रकल्पात करार झाल्यावर प्रत्यक्ष बांधकामाला लागायलाच वर्षं गेली. तोवर मैलापाणी नदीतच.

तिसरी वाट तफावत निधीची. मेट्रोसारखा प्रकल्प समाजाला हवा असतो पण निव्वळ तिकिटावर परवडत नाही. तेव्हा केंद्र प्रकल्पखर्चाच्या २० टक्क्यांपर्यंत अनुदान देऊ शकतं आणि राज्याला किंवा संबंधित प्राधिकरणाला आणखी २० टक्क्यांपर्यंत घालता येतं. निविदेत जो कमीत कमी अनुदान मागेल त्याला काम, असा लिलाव होतो. लिलाव उलटा असतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

११. दुसऱ्या गरीब देशांत हे कुठं जमलं आहे का? की सगळीकडे बोंबच?

दोन्ही आहे. पाण्याचीच उदाहरणं देतो, कारण पाण्यात लपवाछपवी चालत नाही. नळ उघडला की कळतं.

कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह. यादवीतून उठलेलं शहर. १९९३ मध्ये ‘एक सोन चान’ नावाचे गृहस्थ पाणी प्राधिकरणाचे प्रमुख झाले तेव्हा ७२ टक्के पाण्याचा हिशेबच लागत नव्हता. गळती, चोरी, आणि कर्मचाऱ्यांनीच विकलेलं पाणी. त्यांनी खातं विकलं नाही. ग्राहकांची यादी घरोघर फिरून नव्याने केली, मीटर बसवले, बिल न भरणाऱ्या बड्यांची जोडणी तोडली. एका लष्करी अधिकाऱ्याकडे मीटर बसवायला गेले तेव्हा त्यांच्यावर पिस्तूल रोखलं गेलं, हा किस्सा प्रसिद्ध आहे. पैसा जपान, फ्रान्स, जागतिक बँक आणि आशियाई विकास बँकेकडून आला, आणि जपानच्या किताक्युशू शहराच्या पाणी खात्याचे अभियंते येऊन तिथल्या अभियंत्यांना शिकवून गेले. पंधराएक वर्षांत हिशेबाबाहेरचं पाणी सहा टक्क्यांच्या आसपास आलं. २००६ मध्ये एक सोन चान यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. इथं भागीदारी होती खात्याची खात्याशी.

बोलिव्हियातलं कोचाबांबा याच्या अगदी उलट. १९९९ मध्ये परदेशी कंपन्यांच्या एका गटाला पाणीपुरवठा दिला, दर एकदम चढले, लोकांनी स्वतः खणलेल्या विहिरींवरही गदा येणार अशी भीती पसरली. २००० च्या एप्रिलपर्यंत शहर रस्त्यावर उतरलं आणि सरकारला करार रद्द करावा लागला.

मनिला मला सगळ्यात बोधप्रद वाटतं. १९९७ मध्ये एकाच शहराचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग करून दोन कंपन्यांना दिले. जुन्या सरकारी संस्थेचं बहुतेक सगळं परदेशी कर्ज पश्चिमेच्या गळ्यात टाकलं. त्याच वर्षी आशियातली चलनं गडगडली, डॉलरमधलं कर्ज फुगलं आणि पश्चिमेची कंपनी कोलमडली, पूर्वेची तगली. शहर तेच, तारीख तीच. फरक होता ओझं कसं वाटलं यात. म्हणून “खासगी चांगलं की सरकारी” हा वाद रंगला की मी चहा मागवतो.

आपल्याकडे नागपूरने २०१२ पासून पाणीपुरवठा पंचवीस वर्षांसाठी खासगी कंपनीकडे दिला आहे. कराडशेजारच्या मलकापूरने मात्र महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या मदतीने, कंपनीशिवाय, चोवीस तास पाणी आणून दाखवलं.

१२. काम बिघडलं की महापालिका म्हणते “ते ठेकेदाराचं आहे” आणि ठेकेदार म्हणतो “साहेबांना विचारा”. आम्ही कुणाकडे जायचं?

महापालिकेकडेच. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कामं दिली आहेत. कचरा हलवणं, सांडपाणी, पाणीपुरवठा, प्राथमिक शिक्षण त्यात येतात. ठेका दिला म्हणून ही कामं महापालिकेच्या अंगावरून उतरत नाहीत. तक्रारीत ठेकेदाराचं नाव शोधत बसू नका. क्षेत्रीय कार्यालयाला उद्देशून लिहा, तारीख आणि जागा घाला, पोच घ्या. ठेकेदाराला दंड करायचा तर करारानुसार अधिकाऱ्याला नोंद लागते, आणि तुमची पोच असलेली तक्रार ही ती नोंद. तोंडी तक्रारीने फक्त मुकादमाचा दिवस खराब होतो.

दाखले, परवाने, नोंदी अशा अधिसूचित सेवांसाठी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. ठरल्या मुदतीत सेवा मिळाली नाही तर अपील करता येतं आणि अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. मात्र यादीत नसलेल्या सेवेला तो लागू नाही, तेव्हा आधी यादी बघा.

१३. करारनामा सामान्य माणसाला बघायला मिळतो का? कंपनी म्हणते गोपनीय आहे.

मिळतो. महापालिकेला माहिती अधिकाराचा अर्ज करा: दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, नाहीतर परत येतो. “अमुक सेवेचा करारनामा, त्याची परिशिष्टं आणि गेल्या बारा महिन्यांत आकारलेल्या दंडाचा तपशील” एवढंच मागा. परिशिष्टं हा शब्द विसरू नका. मूळ करारात गोड भाषा असते, दर आणि दंड परिशिष्टात असतात.

कंपनी थेट कायद्याखाली येत नसली तरी तिच्याकडची जी माहिती महापालिकेला कायद्याने मागवता येते ती तुम्हालाही मिळू शकते. व्यापारी गुपिताचं कलम आहे, पण सार्वजनिक पैशातून दिलेला दर हा व्यापारी गुपित कसा, हे अपिलात विचारा.

१४. हातात आला तरी शंभर पानांचा करार वाचायचा कसा?

पहिली वीस पानं सोडा. पैसे कशाच्या मापाने मिळणार ते शोधा, कारण काम त्याच मापाने होतं. कचऱ्याचे पैसे टनावर असतील तर ठेकेदाराला कचरा जड हवा असतो. ओलं-सुकं एकत्र, वर राडारोडा. तिथं वर्गीकरणाची जाहिरात कितीही करा, काटा उलटं सांगत असतो. पैसे घरामागे असतील तर तो घरं मोजतो. बसचं किलोमीटरचं वर आलंच आहे (प्रश्न ४). तिथं किमान किलोमीटरची हमी किती तेही पाहा, कारण बस आगारात उभी राहिली तरी हमीचे पैसे द्यावे लागू शकतात.

मग कामगारांचं पान. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, आणि ते न भरल्यास महापालिका ठेकेदाराच्या बिलातून कापून भरणार का. हे कलम दुबळं असेल तर सेवा आज ना उद्या बंद पडते, कारण तीन महिने पगार न मिळालेला चालक बस काढत नाही.

शेवटी परतीचं पान: मुदत संपल्यावर यंत्रं, माहिती, ग्राहकांची यादी कुणाची. इथं गफलत झाली तर पुढच्या निविदेत जुन्याच ठेकेदाराशिवाय कुणी उभं राहू शकत नाही.

१५. कंपनीच्या सीएसआरमधून (सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) चौक, बाग, शाळा सुधारली जाते. ती पण भागीदारीच ना?

आहे, पण पायाखाली वाळू असलेली. कंपनी कायद्याने ठरावीक नफ्याच्या वरच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च करावा लागतो. कंपनी रंग देते, बाक देते, पाटी लावते. माळ्याचा पाचव्या वर्षीचा पगार कोण देणार, ते लिहून घ्या.

१६. धर्मादाय रुग्णालय तर खासगी ट्रस्टचं. त्याच्यावर आपला हक्क कसा?

कारण ट्रस्टला करसवलत आणि इतर सोयी समाजाकडून मिळालेल्या असतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखायच्या आहेत. त्यासाठी एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकायची असते. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी अडवता येत नाही. आधी दाखल करून जीव स्थिर करायचा. काउंटरवर “कोटा संपला” म्हणाले तर ते लेखी मागा आणि धर्मादाय आयुक्त कार्यालयाला कळवा. उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवलेला बरा, आजारपणात तहसील कचेरीत खेपा घालायला कुणाला वेळ नसतो.

१७. नागरिकांनी एकट्याने यात काय करायचं? आमचं ऐकतो कोण?

पुण्यात २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांकडून कामं सुचवून घ्यायची पद्धत आहे. मूळ कल्पना ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहराची, १९८९ ची. तिथं वस्तीवस्तीत सभा होऊन प्राधान्यक्रम ठरायचा. आपल्याकडे अर्ज भरायचा असतो. तरीही भरा. “रस्ता दुरुस्त करा” असं लिहू नका. “अमुक शाळेच्या फाटकासमोर पादचारी पट्टा आणि दोन गतिरोधक” असं लिहा. मोजता येणारं काम नाकारायला अधिकाऱ्याला कारण द्यावं लागतं. मार्च २०२२ नंतर कित्येक वर्षं महापालिकेत नगरसेवक नव्हते, प्रशासक होते. त्या काळात ज्या गल्ल्यांची कामं झाली त्या बहुतेक अर्ज करणाऱ्या गल्ल्या होत्या, असं माझं निरीक्षण आहे.

१८. करार संपला आणि नवा झालाच नाही, तर सेवा बंद पडते का?

बहुधा पडत नाही, लोंबकळते. ‘स्वच्छ’चा करार २०२० च्या अखेरीस संपला तेव्हा काही काळ छोट्या छोट्या मुदतवाढींवर काम चाललं, आणि आता खासगी ठेकेदार येणार अशा चर्चा सुरू झाल्या. बाया मात्र रोज दारात येत होत्या. मुदतवाढीच्या काळात कुणी नवी ढकलगाडी देत नाही आणि दराचा फेरविचारही होत नाही. जुन्या गाडीचं चाक वाकडं झालं तर ते वाकडंच चालतं. म्हणून तुमच्या भागातल्या प्रत्येक सेवेच्या कराराची शेवटची तारीख शोधून सोसायटीच्या फलकावर लावा, आणि सहा महिने आधी क्षेत्रीय कार्यालयात विचारायला जा की पुढच्या निविदेचा मसुदा कुठवर आला. पोच घ्यायला विसरू नका (प्रश्न १२).